सुट्या तुकड्यांचा रस्ता

मी एक जुना रस्ता आहे, पण माझ्यावरून आजवर एकही माणूस चाललेला नाही. नवल वाटलं ना, मित्रांनो? मी लाकडाचा रस्ता आहे. बेंगळुरूत जलद बस कशी धावेल हे साहेबलोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून मला बनवलं. शहराच्या एका टोकाच्या येलहंक्यापासून दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत मी एका मोठ्या टेबलावर ऐसपैस पसरलो होतो. आज माझा फक्त मधला पट्टा उरला आहे. तोच तुमच्याशी बोलतो आहे.

मला घडवलं देवाप्पा सुतारानं. पण माझी सगळी कल्पना बिंदुमाधवअण्णांची. अण्णा नियोजन कार्यालयात अभियंता होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरात मराठी आणि दारात कानडी. देवाप्पा रंधा मारायचा आणि अण्णा शेजारी स्टूल घेऊन बसायचे. एकेक वळण त्यांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. देवाप्पा वैतागायचा, पण करायचा.

रस्त्याच्या मधोमध मी, फक्त बससाठी राखलेला. माझ्यावर मोटार शिरायची नाही. बसमधून उतरलं की समोर पादचारी पूल, पुलावरून थेट मेट्रो, खाली रुंद फुटपाथ, कडेला रिक्षांचा थांबा, आणि या सगळ्याला मिळून तिकीट एकच. अण्णा सगळ्यांना सांगायचे, की हे एकमेकांना धरून राहिलं तरच तो रस्ता, एक सुटलं की सगळं सुटलं.

आता घोडं कुठं अडलं ते ऐका. रस्ता एक असला तरी त्याचे मालक अनेक असतात. फुटपाथ एका खात्याचा, सिग्नल दुसऱ्याचा, बस तिसऱ्याची, मेट्रो चौथ्याची. ही खाती एकमेकांचं ऐकायची नाहीत. म्हणून अण्णांनी युक्ती काढली. त्यांनी देवाप्पाकडून मला खाचा पाडून घेतल्या. ज्याचा भाग त्यानं उचलून आपल्या कार्यालयात न्यावा, आपल्या माणसांना दाखवावा आणि बैठकीच्या वेळी परत आणून बसवावा. हात लागला की माया लागते, असं अण्णांचं म्हणणं. लागली हो माया! तीच आम्हाला नडली.

सुरुवातीला काय कौतुक झालं माझं! शाळांच्या सहली आल्या, फोटो निघाले. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. मग एकेक खात्याची माणसं आली आणि आपापला तुकडा जपून घेऊन गेली. फुटपाथ गेला, सिग्नल गेले, पुलासकट मेट्रोचं स्थानक गेलं. परत कुणीच आणेना. अण्णा स्वतः हेलपाटे घालायचे. प्रत्येक ठिकाणी त्यांना चहा मिळायचा आणि तुकडा अगदी सुरक्षित आहे असं हसून सांगितलं जायचं. एका खात्यानं तर आयुधपूजेला आपल्या तुकड्याला हळदकुंकू लावून हार घातला होता. नाही कुणी म्हणत नव्हतं आणि देतही कुणी नव्हतं.

मी मात्र अण्णांच्या खोलीत राहिलो, कारण बसचा पट्टा त्यांच्या कार्यालयाच्या वाट्याचा होता. म्हणून मला मनस्विनीची गोष्ट कळली. मनस्विनी त्यांची मुलगी. तिचा नवरा कामासाठी परदेशात. ती आईवडिलांकडे येलहंक्याला राहायची आणि नोकरीला बेळ्ळंदूरला जायची. तिची अनुषा अजून लहान होती. तिला दिवसभर कावेरीअक्का, म्हणजे तिची आजी सांभाळायची, पण अक्कांची नजर अधू होत चालली होती. पोर जिन्याकडे पळालं तरी त्यांना दिसायचं नाही. मनस्विनीचं कामात फार नाव होतं, आणि ते काम तिला जिवापाड आवडायचं. पण संध्याकाळी ती बसमध्ये अडकली की अडकलीच.

ती बसमधून अण्णांना फोन करायची. बेळ्ळंदूरलाच आहे म्हणायची. अण्णांचं बोट माझ्यावर बेळ्ळंदूरपाशी टेकायचं. बऱ्याच वेळानं पुन्हा फोन यायचा आणि बोट अजून तिथंच असायचं. मित्रांनो, मला सगळं कळायचं, पण मी करणार काय? मी लाकूड.

एके दिवशी तिनं सांगितलं, की अनुषा जिन्यावरून पडली, थोडक्यात निभावलं, आता मी राजीनामा देते. अण्णा खोलीत एकटेच होते. ते फोनमध्ये म्हणाले, "स्वल्प थांब गं बाळ. दसऱ्याआधी मोठी बैठक आहे. सगळे आपापले तुकडे घेऊन येतायत. रस्ता मंजूर झाला की पहिली बस आपल्याच भागातून."

ती थांबली. बापाच्या शब्दावर थांबली. शेजारच्या बाईंना विनवण्या करून तिनं तेवढे दिवस काढले.

बैठकीला खरंच सगळे आले. माझा आनंद गगनात मावेना. आता मी पुन्हा पुरा होणार! देवाप्पाही मुद्दाम आला होता. त्यानं सिग्नलचा तुकडा खाचेत बसवायला घेतला, तर तो ओलीनं फुगलेला. फुटपाथ आला तो रंगवून, त्यावर मोटारी लावायच्या जागा आखलेल्या. मेट्रोच्या तुकड्याला काचेच्या कपाटात शोभावा म्हणून कुणीतरी खाली जाड पाट ठोकला होता. तो माझ्याहून उंच झाला आणि पादचारी पूल अधांतरी लोंबला. काही बिघडवायचं कुणाच्या मनात नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या परीनं लाडच केले होते.

मोठ्या साहेबांनी टेबलाभोवती फेरी मारली. प्रत्येक भाग सुंदर आहे म्हणाले, पण एकत्र बसत नाही, तेव्हा आधी ज्यानं त्यानं आपला आराखडा पुरा करावा, जोडायचं मग पाहू. सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडण नाही, तंटा नाही. उपमा खाल्ला आणि आपापला तुकडा फडक्यात गुंडाळून मंडळी निघून गेली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, अहो, तिकडे एक बाई वाट बघते आहे!

फोन वाजला. अण्णांनी तो उचलला. ते म्हणाले, "सगळ्यांना आवडला गं रस्ता."

"मग?" तिनं विचारलं.

अण्णांचं बोट माझ्या रिकाम्या खाचेवर टेकलं. ती अगदी हळू म्हणाली, "सरी, अण्णा," म्हणजे बरं. त्याच आठवड्यात तिनं नोकरी सोडली.

अण्णांच्या निवृत्तीच्या दिवशी ती अनुषाला घेऊन कार्यालयात आली. इतकी वर्षं माझं नाव ऐकत होती, पण मला तिनं पहिल्यांदा पाहिलं. रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं ओढणीनं माझ्यावरची धूळ पुसली. अनुषा माझ्या कडेपाशी आली, जिथं खाच रिकामी होती, आणि तिनं विचारलं, "आजोबा, इथून पुढे कसं जायचं?"

"पुढचं दुसऱ्यांकडे आहे, पुट्टी बाळ," अण्णा म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मला घरी न्यायचा अनुषानं हट्ट धरला. पण मी पडलो सरकारी माल. अण्णांनी मला जागचं हलवलं नाही. नवे साहेब आले आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. इथं अंधार आहे आणि वाळवीनं माझं एक टोक धरलं आहे. मनस्विनीचं आता कसं चाललंय, मला कोण सांगणार?

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या कार्यालयात बसाल. तेव्हा आपल्या कपाटात कुणाच्या रस्त्याचा तुकडा तर पडून नाही ना, एवढं उघडून बघा. असला तर त्याला हार घालू नका. नेऊन जोडा. तुकडा कितीही जपलात, तरी त्यावरून कुणाची आई घरी पोहोचत नाही.