शनिवारचा वास

तुम्ही आमच्यावर खोटा आळ घेतलात. न बघता, न विचारता, न हुंगता. शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातून मसाल्याचा उग्र वास जिनाभर पसरला, रहिवाशांना त्रास झाला, पुन्हा असं घडलं तर भाडेकरार संपवू, असं तुम्ही आम्हाला कळवलंत. या इमारतीची व्यवस्था तुमच्याकडे आहे. म्हणजे आमच्या डोक्यावरचं छप्पर तुमच्या एका सहीवर टिकलेलं आहे. मी हे मराठीत लिहिते आहे, कारण जर्मन बोलायला लागले की माझं पहिलं वाक्य 'माफ करा' हेच असतं. आज ते तोंडातून निघायला नको. याचं जर्मन मुलगा करून देईल.

माझे यजमान यशवंत इथे इंगोलश्टाटला गाड्यांच्या वायरिंगचं डिझाइन करायचे, मोटारकंपनीला माल पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये. माणसं कमी केली, त्यात त्यांची नोकरी गेली. पन्नाशी उलटलेला माणूस. सकाळी दाढी करून, शर्ट घालून खिडकीशी बसायचा आणि संध्याकाळी तोच शर्ट काढून ठेवायचा. मी बेकरीच्या काउंटरवर उभी राहते, त्यावर घर चालतं. पण नवं घर मागायला गेलं की नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागतात, आणि त्या आता नाहीत. हे घर गेलं तर आम्हाला या गावात दुसरं मिळणार नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मग एक दिवस ते जुन्या सहकाऱ्याकडून झाकणाची मोठी बादली, रबरी नळी, थर्मामीटर आणि रसात किती साखर उरली ते दाखवणारा काचेचा एक तरंगता हायड्रोमीटर घेऊन आले.

"बिअर?" मी म्हटलं. "अहो, आयुष्यात दोन घोटांच्या वर गेला नाहीत तुम्ही."

"प्यायची नाही गं. जमवायची आहे."

सरकारी नियम वाचले, घरी बिअर करण्याआधी द्यावी लागते ती सूचना कस्टमच्या ऑफिसला रीतसर दिली. गणपतीच्या जेवणासाठी घेतलेलं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. बादली, नळी, झारा, चमचे, सगळं जंतुनाशकातून काढायचं आणि मग कुणी हात लावायचा नाही. मी ओट्याला नुसती टेकले तरी ओरडायचे. "यापेक्षा तुमच्या आईचं सोवळं परवडलं," मी म्हटलं. ते हसले. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तुमचा तो शनिवार. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात घातलं. ऊब टिकावी म्हणून पातेल्याला गोधडी गुंडाळली. तासाभराने आम्ही दोघांनी श्रीखंडाचा चक्का बांधायच्या फडक्यातून ते गाळलं. तो गोड रस पुन्हा शेगडीवर चढवला आणि उकळी आल्यावर त्यात हॉप्सची हिरवी, कडवट फुलं टाकली. घरभर वाफ. वास गरम सातूच्या पिठासारखा, मागे ओल्या पाल्याची कडवट कड. मग पातेलं बाथटबच्या थंड पाण्यात निववलं, रस बादलीत ओतला, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. एक लवंगसुद्धा नाही.

रस उकळत होता तेव्हा यशवंत कचरा टाकायला दार उघडून बाहेर पडले. मागे वाफ. समोर खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्टाडलर, नाकाला रुमाल लावून. "पुन्हा तुमची ती करी! पडद्यांत बसते ती, पडद्यांत!"

आणि माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. "एंटशुल्डिगुंग," म्हणाले, म्हणजे तेच, माफ करा. कसली करी, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. तिथेच आमचं चुकलं, आणि अशी चूक आमच्यासारखेच करू जाणोत.

कारण आम्हाला सवय लागली आहे. इथे आल्यापासून घरात मासळी शिजली नाही. फोडणी द्यायची तर आधी सगळी दारं लावायची, पंखा सोडायचा, मोहरी तडतडली की श्वास धरायचा. ऑफिसचे कोट बेडरूममध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. बेकरीत जाण्याआधी मी स्वतःच्या केसांचा वास घेते. वास म्हटला की तो आमचाच, हे आम्ही न सांगता मान्य करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून बेसनाचे लाडू वळून घेतले. प्रत्येक दारात गेले. "कालच्या वासाबद्दल माफ करा, पुन्हा होणार नाही." लोकांनी लाडू घेतले.

त्याच आठवड्यात तुमचा इशारा आला. रात्री ध्रुवचा फोन होता. मुलगा आमचा, बर्लिनला शिकतो.

"बाबा लाडू घेऊन दारोदार गेले? कशाबद्दल?"

"वासाबद्दल रे."

"आल्झो, म्हणजे मग शिजवलं काय होतंस तू?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि आठवलं. त्या दिवशी शेगडी पातेल्याने अडवली होती. "ब्रेड," मी म्हटलं. "चीज. काकडी."

"म्हणजे तुम्ही बिअरच्या वासाची माफी मागितलीत? बायर्नमध्ये? बिअरच्या मुलखात?" तो हसत सुटला. मला हसू आलं नाही.

मी तुम्हाला फोन केला. आठवतंय ना? सगळं सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुमचे पती स्वतः मिठाई घेऊन घरोघर गेले होते. काही केलंच नसतं तर कशाला गेले असते?"

मी फोन ठेवला तर यशवंत बादली उचलून बाथरूमकडे निघालेले.

"काय करताय?"

"ओतून टाकतो. नको ते. घर राहू दे."

"ठेवा खाली."

"सुलेखा, उगाच वाद—"

"खाली ठेवा म्हणते ना! बादलीला हात लावायच्या आधी हात धुतलेत का?"

ते थबकले. बादली ठेवली आणि खरंच हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा डोळेही धुतलेले होते.

बिअर आंबून शांत झाली, झाकणावरच्या नळीतले बुडबुडे थांबले. त्यांनी हायड्रोमीटर बुडवून पाहिला, थांबले, काही दिवसांनी पुन्हा पाहिला. आकडा हलला नाही. "आता भरायची. घाई केली तर बाटल्या फुटतात." चिनी मातीच्या झाकणाच्या, तारेच्या बाटल्या मी गरम पाण्यात खळखळून दिल्या, त्यांनी निर्जंतुक केल्या. प्रत्येकीत मोजून साखर, म्हणजे आत पुन्हा थोडी आंबते आणि फेस धरते. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी टेकवून हळूच भरायचं. मी नळी धरली, त्यांनी तारा आवळल्या. घरात कुणी गेलं की शेजारच्या बायका येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेतात, तशी शांतता होती. फक्त शेजारी कुणी आलं नव्हतं.

मग तुम्ही घराची तपासणी करायला येणार असं कळवलंत. मी यशवंतना म्हटलं, "त्या दिवशी पुन्हा पातेलं चढवायचं."

"वेड लागलंय का? आणखी एक तक्रार आली तर बाहेर काढतील."

"नाही चढवलं तरी काढतील. वर चोर म्हणून काढतील."

ते रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी उठून त्यांनी माल्ट तोललं.

तुम्ही आलात तेव्हा हॉप्स नुकतेच पडले होते. दाराबाहेर जिन्यात तुम्ही थांबलात, डोळे मिटलेत, छातीभर श्वास घेतलात. मी दाराच्या भिंगातून पाहत होते. मी दार उघडलं तर तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं. म्हणालात, "आहा, श्टाडलरांकडे कुणी बिअर करतंय वाटतं. माझे आजोबा करायचे. हाच वास."

"आत या," मी म्हटलं.

तुम्ही स्वयंपाकघरात आलात. यशवंत झारा घेऊन उभे होते, ताठ. तुम्ही पातेल्यात पाहिलंत, त्यांच्याकडे पाहिलंत, परत पातेल्यात पाहिलंत.

"त्या शनिवारीही हेच शिजत होतं," यशवंत म्हणाले. "एवढंच."

माफ करा म्हणाले नाहीत. त्या एका वाक्याला किती बळ लागलं, ते शेजारी उभ्या असलेल्या मला माहीत. तुम्ही घसा खाकरलात. बिअर करायला बंदी नाही म्हणालात. भिंतीला ओल नाही, पंखा चालतो, सगळं ठीक आहे म्हणालात. मी विचारलं, मग इशारा मागे घ्याल? तुम्ही कोटाची बटणं लावलीत. "तक्रार मसाल्याची होती, आणि तुमच्या पतींनी ती मान्य केली होती. गेनाऊ, नेमकं तेच नोंदलेलं आहे. ते मला बदलता येत नाही."

आणि गेलात.

बिअर फक्त पाणी, जव आणि हॉप्सची करायची, हा कायदा पाचशे वर्षांपूर्वी याच गावात जाहीर झाला, हे तुमचं गाव पाहुण्यांना अभिमानाने सांगतं. त्या कायद्यातला वास बंद दाराबाहेर तुम्हाला तुमच्या आजोबांचा वाटला. आमचा इशारा मात्र तसाच आहे. आणखी एका रुमालाने, आणखी एका नाकाने आमचं घर जाऊ शकतं. यशवंत अजून रोज उठून पातेल्याकडे बघतात, आणि चढवत नाहीत.

म्हणून विचारते. दाराबाहेर तुम्ही जो वास घेतलात तो कशाचा होता, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललात. मग आत कोण राहतं हे कळल्यावर तो मसाल्याचा कसा झाला? आम्ही मागितलेली माफी आम्ही परत घेतो. तुमचा इशारा तुम्ही कधी घेणार? हो की नाही, ते लिहून द्या. खाली सही करा.