तेरेरेची सुट्टी

निल्दा पॅराग्वेतल्या इताउग्वा गावी जाळीकाम करणाऱ्या बायकांच्या संस्थेत व्यवस्थापक होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने सकाळची सुट्टी बंद केली. ब्वेनोस आयरेसच्या कपडा कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. इथे मात्र ऊन चढलं की बायका न्यांदुतीच्या, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या विणकामाच्या, चौकटी बाजूला ठेवून आंब्याखाली बसायच्या. तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या येर्बाच्या पानांच्या पेयाचा, एकच पेला हातोहात फिरायचा आणि गप्पांना ऊत यायचा.

"तहान लागली तर जागेवरच पाणी प्या," निल्दाने बजावलं.

"पाण्याला गप्पांची चव नसते गं बाई," सेफेरिना मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या, पण मुकाट्याने कामाला लागल्या.

काम वाढलं. निल्दा खूश होती. त्याच सुमारास राजधानीहून मिर्ता नावाची अभ्यासक आली. देशोदेशीची माणसं आपला दिवस कसा घालवतात, हा तिचा विषय.

"बरं झालं आलात," निल्दा म्हणाली. "आमच्याकडे वेळ कसा वाया जायचा, तेही लिहा."

मिर्ता काही दिवस बायकांमध्ये बसली. मग तिने विचारलं, "ही सेफेरिना मावशी कोण? नाव ऐकते, पण बाई दिसत नाही."

निल्दा चपापली. मावशी कधीपासून येत नव्हती, हे कुणालाच धड सांगता येईना. एकीला वाटलं लेकीकडे गेली, दुसरीला वाटलं रुसली.

दोघी तिच्या घरी गेल्या. मावशी दारात बसली होती. मांडीवर अर्धवट जाळी, दोऱ्याचा नुसता गुंता.

"डोळ्यांत मोतीबिंदू झालाय," ती म्हणाली. "सुट्टीत बोलता बोलता माझ्या शेजारी बसणारी दियोनिसिया मला सुया ओवून द्यायची. नंतर सगळ्यांच्या माना कामात. मागायची लाज वाटली."

"मला सांगायचं ना, मावशी."

"केव्हा सांगायचं, पोरी? सांगायची वेळच तू काढून घेतलीस."

परतताना निल्दा म्हणाली, "पण बसून वेळ जातो, हे खोटं आहे का?"

"जातो ना," मिर्ता म्हणाली. "पण मी जिथे जिथे गेले, तिथे माणसं रोज थोडा वेळ एकमेकांजवळ बसतातच. कुठे विहिरीवर, कुठे दुकानाच्या पायरीवर. त्यात ती एकमेकांची खबर घेतात. तेही कामच आहे, फक्त त्याची मजुरी कुणी देत नाही."

दुसऱ्या दिवशी निल्दा स्वतः तेरेरेचं भांडं घेऊन आंब्याखाली बसली. कुणी उठेना. बराच वेळ ती एकटीच होती. मग दियोनिसिया आली, तिच्यामागून बाकीच्या. पेला फिरला, मावशीचा विषय निघाला. एकीचा दीर राजधानीला गाडी घेऊन जायचा, दुसरीची बहीण डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. त्याच बैठकीत सगळं ठरलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पट्टी सुटल्यावर मावशी कामावर आली आणि निल्दाकडे टक लावून बघत राहिली.

"अगं, तू तर चांगली देखणी आहेस की. मला वाटलं होतं, खाष्ट दिसत असशील."

सगळ्यांत मोठ्याने निल्दाच हसली.

मंडळी, कुणी चार माणसांत निवांत बसलेलं दिसलं, तर त्याला लगेच रिकामटेकडा म्हणू नका. शेजारचं माणूस आज का आलं नाही, हे कळायला आधी त्याच्याजवळ रोज बसावं लागतं.