इलाच्या खिडकीतली वीतभर जागा

मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. अठ्ठ्याहत्तर वर्षं वय झालं, आता कुणाकुणाची मर्जी सांभाळत बसू? शाळेच्या कॅफेटेरियात सव्वीस वर्षं मी पोरांना जेवण वाढलं. रांग मोडणाऱ्याला परत मागे पाठवायचे, मग तो प्रिन्सिपलचा मुलगा का असेना. ती सवय इथेही घेऊन आले.

इथे म्हणजे शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या 'आसरा'मध्ये. आमच्या बोर्डाचा अध्यक्ष प्रताप, त्याच्या वडिलांनी, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे, जाताना आपली जमीन आणि पैसा ठेवून हा ट्रस्ट केला. अंगणाच्या चहूबाजूंनी बारा छोटी, एकमजली घरं. जन्मभर अमेरिकेत राबूनही ज्यांच्या नावावर घर राहिलं नाही, अशा मराठी म्हाताऱ्यांसाठी. भाडं पेन्शनच्या एक तृतीयांश, त्याहून जास्त घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. बोर्डावर पाच माणसं असावीत आणि त्यातलं एक रहिवाशांपैकी असावं, हेही त्यांनीच लिहिलंय. ते एक माणूस म्हणजे मी. बाकीचे चौघे मीटिंगमध्ये मला फक्त चहा झाला का ते विचारतात.

एक नंबरच्या घरात संघमित्रा राहते, आमची केअरटेकर. बारा नंबरात कुणीच राहत नाही. ते बोर्डाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय. वर्षातून चार दिवस कुणी गायक-बियक येतो, एरवी त्याला कुलूप. मधल्या दहा घरांत आम्ही दहा जण.

संघमित्राची पद्धत साधी. सकाळी आठच्या आत प्रत्येकाने अंगणाकडच्या खिडकीचा ब्लाइंड वर करायचा. आठ वाजता ती बूट चढवून एक फेरी मारते. ब्लाइंड वर दिसला की पुढे जायचं. खाली दिसला की दार वाजवायचं. उत्तर आलं नाही तर तिच्याजवळ किल्ली असते. बास, एवढंच. मग दिवसभर कुणाच्या गोळ्या, कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाचा मुलगा तीन आठवडे फोन करत नाही त्याचं रडगाणं, हे सगळं तिच्याच गळ्यात.

ती नागपूरची. सात वर्षांपूर्वी आली, तेव्हा इथल्या दोघींनी तिचं नाव विचारायच्या आधी आडनाव विचारलं होतं. त्यातली एक मी. लाज वाटते, म्हणूनच सांगते. तिने आडनाव सांगितलं, वर म्हणाली, "बुद्धिस्ट आहे ताई, पुढचा प्रश्न तोच असेल ना?" आणि माझ्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायला लागली. त्या दिवशी ते किती वाढलं होतं ते विचारू नका. पण तेव्हापासून मला ही बाई आवडते.

तर, जानेवारीत बोर्डाचं पत्र आलं. मी बोर्डावर असून मलाही ते सगळ्यांसारखंच दाराखालून मिळालं. खर्च वाढलाय, लिहिलं होतं. एक तर प्रत्येकाचं भाडं महिन्याला एकशे ऐंशी डॉलरनी वाढेल, नाहीतर केअरटेकरची जागा बंद होईल. त्याऐवजी प्रत्येकाच्या गळ्यात एक बटण. पडलात, दाबा, कॉल सेंटरमधून कुणीतरी बोलेल. रहिवाशांनी आपली पसंती कळवावी.

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संघमित्राला घालवायचं यांनी ठरवायचं आणि पाप आमच्या माथी मारायचं. तिची नोकरी गेली की घरही जाणार, कारण एक नंबर नोकरीबरोबरच मिळालेलं. आणि मागे राहिलेल्या आम्हा दहा जणांकडे बघणार कोण?

पण सहा नंबरचे सुमंतराव पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहिल्याबाई, माझ्याकडे एकशे ऐंशी डॉलर नाहीत. तुमच्याकडे आहेत?"

माझ्याकडेही नव्हते. "डॉक्टरांनी एक तृतीयांश लिहून ठेवलंय," मी म्हटलं.

"मग वकील लावा. त्याचे पैसे आहेत?"

मला त्यांचा राग आला, आणि खरं बोलत होते म्हणून जास्तच आला.

फेब्रुवारीत बटणं आली. गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तशी एकेकाच्या गळ्यात बांधून झाली. कॉल सेंटरचा आवाज यायला प्रत्येकाच्या किचनमध्ये एक डबीही बसवली. प्रतापने जाहीर केलं की येत्या मंगळवारी ट्रायल घ्यायची. संघमित्राने फेरी मारायची नाही, तो स्वतः येणार, आमची खुशाली फोनवरच्या ॲपमध्ये बघणार आणि अकरा वाजता बोर्डाची मीटिंग घेऊन संघमित्राच्या जागेवर मतदान. प्रताप वाईट नाही हो. इथेच जन्मला, इथेच शिकला, आदराने काकू म्हणतो. पण त्याला वाटतं की स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसला म्हणजे माणूस मजेत आहे.

रविवारी मी सगळ्यांना घरी बोलावलं. पोहे केले, कारण रिकाम्या पोटी माणसं धीट होत नाहीत. म्हटलं, "मंगळवारी कुणीही ब्लाइंड वर करायचा नाही. दहाच्या दहा खाली. बघू दे त्याला अंगणात उभं राहून. कोण जिवंत, कोण मेलं, सांगू दे त्याच्या ॲपला. संघमित्राला यातलं काही सांगायचं नाही, उगाच तिच्यावर बालंट येईल."

सुमंतराव आधी कुरकुरले, मग म्हणाले की एक दिवस उशिरा उठायला त्यांची हरकत नाही. सगळे हसले. फक्त इला हळूच म्हणाली, "मी वीतभर वर ठेवीन हं."

इला पाच नंबरात राहते. तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर होती. रस्त्यात खांबाला धक्का लागला तरी सॉरी म्हणेल अशी बाई. तिच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे. शिकागोच्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे काय, ते ज्याने मारलाय त्याला विचारा. मी तीन मारले. इलाचा सहा वर्षं टिकलाय आणि आम्हा सगळ्यांच्या फोडणीला तोच लागतो. रात्री काचेची थंडी लागू नये म्हणून ती ब्लाइंड पूर्ण खाली घेते आणि सकाळी उठल्याबरोबर वर करते. "त्याला तेवढं ऊन लागतं," ती म्हणाली.

"इला, ही लढाई आहे, बागकाम नव्हे," मी म्हटलं. तिने मान डोलावली. ती कशालाही मान डोलावते.

मंगळवारी सकाळी बर्फ घोट्यापर्यंत साचलं होतं. मी माझं बटण तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि ब्लाइंडच्या फटीला डोळा लावून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. आठला पाच मिनिटं असताना प्रताप अंगणात आला, हातात फोन. संघमित्रा त्याच्या शेजारी, पण हात बांधून. काम करायचं नाही असा हुकूमच होता ना.

तिने अंगणावरून नजर फिरवली. दहाच्या दहा खाली. आधी ती दचकली, मग तिची नजर सरळ माझ्या खिडकीवर येऊन थांबली. ओळखलंच तिने. ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसलीसुद्धा. प्रताप फोन दाखवून तिला काहीतरी सांगत होता. सगळे हिरवे आहेत, हेच सांगत असणार.

आणि एकदम तिचं हसू गेलं. ती पाच नंबरच्या दिशेने पळत सुटली. बर्फात एकदा पाय घसरला, हात टेकून उठली, पुन्हा पळाली. प्रताप मागून म्हणत होता, "संघमित्राताई, आज फेरी नाही म्हटलं होतं ना?" तोवर तिने किल्ली लावली होती.

तेव्हा कुठे मी इलाच्या खिडकीकडे बघितलं. ब्लाइंड खालपर्यंत बंद होता. वीतभर जागा नव्हती. इतका वेळ मी नुसती दहा मोजत होते.

मी सपाता घालूनच बर्फातून गेले. इला बाथरूमच्या फरशीवर आडवी होती, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, ओठ निळे पडलेले. संघमित्राने तिच्यावर रजई घातली होती, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती. बटण इलाच्या गळ्यातच होतं.

"अगं, दाबलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"दाबलं ना," इला म्हणाली. दात वाजत होते. "किचनमधल्या डबीतून एक बाई बोलली. हाऊ आर यू टुडे, म्हणाली. माझ्या तोंडून फाइन, थँक यू असं गेलं. मग ती हॅव अ नाइस डे म्हणाली. परत कसं दाबायचं? तिला किती कामं असतील."

प्रताप दारात उभा होता. मी त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. पाच नंबर, सहा चाळीस. कॉल घेतला. रहिवासी ठीक. कॉल बंद. पुढे हिरवा ठिपका. सव्वा तास ती बाई गार फरशीवर पडून होती आणि हा ठिपका हिरवा होता.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर प्रतापने संघमित्राला विचारलं, "सगळेच ब्लाइंड खाली होते. तुला कसं कळलं?"

"इलाताई आठवडाभर भाचीकडे गेल्या तरी कढीपत्त्यासाठी वीतभर उघडं ठेवून जातात," ती म्हणाली. "बाकीच्यांनी काय नाटक केलं ते मला ठाऊक नाही. पण इलाताई त्या झाडाला उपाशी ठेवणार नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही मला विचारलं असतं तर हे करूच दिलं नसतं. दहा बंद खिडक्यांत एक खरी लपून गेली असती, अहिल्याताई."

सात वर्षांत दुसऱ्यांदा तिच्यापुढे माझी मान खाली गेली.

अकराला मीटिंग झालीच. कॉमन रूममध्ये प्रताप, खजिनदार राजेश आणि मी. दोघे सभासद स्क्रीनवर. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बाकीचे आठ रहिवासी आणि संघमित्रा. सुरुवात मीच केली. म्हटलं, "ब्लाइंड खाली ठेवायची आयडिया माझी होती. ती चूक होती. इलाला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. आता तुमची चूक बोला."

प्रतापचा चेहरा उतरला होता. "काकू, आय फील टेरिबल," तो म्हणाला. "पण सिस्टिमने काम केलं. बटण दाबलं गेलं, कॉल लागला. त्यांनीच फाइन म्हटलं. हा ट्रेनिंगचा इश्यू आहे. आपण सगळ्यांसाठी एक वर्कशॉप घेऊ."

"शहात्तराव्या वर्षी तिला उद्धटपणा शिकवणार?" भिंतीकडून सुमंतराव म्हणाले. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात संघमित्राचा फोन वाजला. इलाची भाची नैना बोलत होती, ती नेपरव्हिलहून थेट हॉस्पिटलात पोचली होती. खुब्याचं हाड मोडलंय, संध्याकाळी ऑपरेशन, मावशी शुद्धीत आहे, बोलतेय, म्हणाली.

"मला बोलू दे त्यांच्याशी," प्रताप म्हणाला. मनापासून म्हणाला, ते मी नाकारणार नाही. संघमित्राने फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. प्रताप पुढे वाकला. "इलाकाकू, प्रताप बोलतोय. हाऊ आर यू?"

"फाइन, थँक यू," इलाचा आवाज आला, काउंटरवरून यावा तसा स्वच्छ. "हाऊ आर यू, प्रताप?"

प्रतापने मान वर करून संघमित्राकडे बघितलं.

संघमित्रा उठून टेबलाशी आली. "इलाताई, मी आहे," ती म्हणाली. "खरं सांगा."

मग इला म्हणाली, "फार दुखतंय गं." आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. इथल्या सहा वर्षांत तिला रडताना कुणी ऐकलं नव्हतं. संघमित्रा हळूहळू तिच्याशी बोलत राहिली, डॉक्टरांना दुखण्याची गोळी मागा, मागायला लाजू नका, मी दुपारी येते. रडता रडताच इलाने विचारलं, "कढीपत्ता?"

"ब्लाइंड वर केलाय, ताई. पूर्ण."

मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. "प्रताप, मतदान घे," मी म्हटलं.

"काकू, आज नको. पुढच्या मीटिंगला घेऊ."

"आज ठरलं होतं. अजेंड्यावर आहे. आणि फोन बंद करू नकोस, इला रहिवासी आहे, तिला ऐकायचा हक्क आहे." मी उभी राहिले. "संघमित्राची जागा बंद करायची. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा."

जेवणाच्या रांगेकडे बघायचे तशी मी चौघांकडे एकेक करून बघितलं. राजेश कागदांत डोकं घालून बसला. स्क्रीनवरचे दोघे खाली बघत होते. प्रतापचे दोन्ही हात टेबलावर फोनच्या दोन बाजूंना होते, आणि फोनमधून इलाचं मुसमुसणं येत होतं. त्याने हात उचलले नाहीत.

"लिहा मिनिट्समध्ये," मी राजेशला म्हटलं. "शून्य. आणि त्याच्याखाली लिहा, आमची भाडी आहेत तीच राहतील आणि बारा नंबर भाड्याने जाईल. बाहेर एवढ्या घराला महिन्याला अठराशे मिळतात. आम्हा दहा जणांचे एकशे ऐंशी किती होतात ते खजिनदाराने सांगावं."

राजेशने प्रतापकडे बघितलं. प्रताप फोनकडेच बघत होता. "लिही," तो म्हणाला.

"पण पाहुणे आले तर?" स्क्रीनवरून कुणीतरी विचारलं.

"माझ्याकडे सोफा आहे," मी म्हटलं. "आठच्या आत उठून ब्लाइंड वर करायचा, एवढं फक्त त्यांना सांगून ठेवा."