काचेखालचे अण्णा

अण्णा गेले तेव्हा थोरला परदेशात होता. बाप-लेकांचं कधीतरी वाजलं होतं आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. आता फोनवर दादा एवढंच म्हणाला, "मी तोंड बघितल्याशिवाय नेऊ नका."

धाकटीने कामावर रजेचा फोन केला.

"अरेरे," साहेब म्हणाले. "बापासारखी सावली नाही. भाऊ कधी पोचतोय?"

"चार दिवस लागतील."

"चार दिवस," साहेब म्हणाले, आणि त्यांच्याच्याने राहवेना. "अगं, मग आपली पेटी पाठवतो की."

या साहेबांना पाठीमागे सगळे टिकाऊ साहेब म्हणत, कारण टिकाऊपणाचं नाव काढल्याशिवाय त्यांना चहासुद्धा जात नसे. त्यांच्या प्रयोगशाळेत काचेवर चांदीच्या तारांची जाळी बसवत. तार म्हणजे केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी, डोळ्यांना दिसायचीच नाही. पण तिच्यात वीज सोडली की काच कोमट व्हायची आणि तिच्यावर वाफ धरायची नाही. प्रेत ठेवायच्या थंड पेटीचं झाकण हे त्यांचं पहिलं काम. साध्या पेटीत माणूस धुक्यात हरवतो आणि नातेवाईक बाहेरून काच पुसत बसतात. या पेटीत मेलेला माणूस शेवटपर्यंत स्वच्छ दिसणार होता. लोकांचे हात लागून ओरखडे पडू नयेत म्हणून जाळी काचेच्या आतल्या बाजूला होती. चाचण्यांत दमट हवा, ऊन, थंडी, सगळ्याला ती पुरून उरली होती. आत माणसाऐवजी वाळूचं पोतं ठेवायचे. पोत्याने कधी तक्रार केली नाही.

पहिल्या दिवशी अण्णा असे दिसत होते की काकांनी काच आहे का म्हणून बोट लावून बघितलं. "जिवंतपणी एवढा स्वच्छ कधी दिसला नाही," ते म्हणाले.

साहेबांना दर काही तासांनी जाळीचे आकडे हवे होते. धाकटी झाकणाच्या कडेला मीटरचे चिमटे लावून बसायची. आत्या बराच वेळ बघत राहिली, मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "काय गं, नाडी लागतेय का?"

"नाही, आत्या. काच तपासतेय."

"मग रडशील कधी?"

दुसऱ्या दिवशी आकडा चढला. जाळीतून वीज जायला कुरकुर करत होती. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "कुणीतरी झाकण आपटलं असणार. नातेवाईक म्हणजे नुसते आडदांड." तिसऱ्या दिवशी अण्णा पिवळे पडले. संध्याकाळपर्यंत तपकिरी झाले. आत्याने हंबरडा फोडला, काकांनी डोक्याला हात लावला आणि सगळं घर धाकटीवर उलटलं.

"तुझ्या त्या यंत्राने भाजलं माझ्या भावाला," आत्या म्हणाली.

पेटीची बाजूची काच साधी, धुकं धरलेली होती, कोपऱ्यात तेवढी रुपयाएवढी जागा मोकळी होती. धाकटीने गुडघ्यावर बसून तिथून बघितलं. अण्णांचा गाल जसा होता तसाच होता, फिकट आणि थंड. अण्णा नव्हे, झाकण काळं पडत होतं.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, कारण तिला आनंद झाला होता. अंडं खाल्लेला चांदीचा चमचा काळा पडतो. मेलेल्या माणसाच्या पोटातूनही तसाच गंधकाचा वायू निघतो, थंडीत थोडा, पण निघतो. आणि तार एवढी बारीक की वरवर काळी पडायला तिला वरचं-आतलं असं काही नाहीच. सगळीच्या सगळी खलास. तारांवर एक पातळ लेप द्या, असं ती गेलं वर्षभर म्हणत होती. लेपाने चकाकी कमी होईल, असं साहेब गेलं वर्षभर म्हणत होते.

"वायू?" साहेब फोनवर म्हणाले. "कुठला वायू? चाचण्यांच्या यादीत असला वायू नाहीये."

"साहेब, त्या यादीत मेलेला माणूसच नाहीये."

दादा आला तेव्हा झाकणावर आतून दाट धुकं बसलं होतं. तो बॅग हातातच धरून उभा राहिला. तेवढ्यात साहेबही आले, हातात हार आणि मागे एका इस्पितळाचे दोन खरेदीवाले. अण्णा कसे दिसतात ते दाखवायला त्यांना आणलं होतं.

"वीज वाढव," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

"जाळी जळेल."

"वाढव गं," दादा म्हणाला. "मला दिसू दे."

दादा म्हणाला म्हणून तिने वाढवली. काचेवर आडवी एक फट उघडली, बोटभर रुंद. तिच्यातून अण्णांची हनुवटी आणि शर्टाचं वरचं बटण दिसलं. दादा वाकला. तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला, जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटली आणि धुकं परत मिटलं.

"बटण बघायला आलो का मी एवढ्या लांबून?" दादा म्हणाला. "काढ ते झाकण."

"अहो, उघडलं तर आतली हवा जाईल," साहेब म्हणाले. "चार दिवसांची मेहनत आहे."

धाकटीने खिट्ट्या काढल्या. काकांनी एक बाजू धरली आणि झाकण भिंतीला टेकवलं.

वास आला. आत्या पदर लावून मागे सरली, काका गॅलरीत गेले. खरेदीवाले जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा होते. दादा मात्र वाकून बघत राहिला. अण्णांचा जबडा थोडा उघडा होता, काहीतरी सुनावायला निघाल्यासारखा. दादा वाट बघितल्यासारखा थांबला. मग सरळ झाला.

"झाकून टाक," तो म्हणाला.

धाकटी वळली. भिंतीशी झाकण नव्हतं. साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर ते जिन्यावरून उतरवत होते. "सावकाश," साहेब म्हणत होते, "आतल्या बाजूला बोट नको. असला नमुना पैसे देऊन मिळायचा नाही."

दादाने अंगातला कोट काढला आणि अण्णांच्या तोंडावर पसरला. जाड होता, थंड देशातला.

खालून हाक आली. "अगं, मीटरचे चिमटे राहिले वर. टाकतेस का?"

धाकटीने खिडकी लावून घेतली, जमिनीवर बसली आणि पेटीला डोकं टेकून रडायला लागली.