झडपेतला मोजा

मी एक जुनं खुराडं आहे, मित्रांनो. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी उभं आहे. उभं कसलं, टेकलंय म्हणा.

माझा जन्म मोडक्या सॉनातून झाला. वाफेच्या अंघोळीची ती खोली पडायला आली, तेव्हा माझ्या मालकाने, ओइवाने, तिच्याच फळ्या काढल्या, वाकडे खिळे ठोकून सरळ केले आणि दुहेरी भिंतींमध्ये लाकडाचा भुसा ठासून भरला. विकत काहीच आणलं नाही. छपराखाली त्याने सॉनाचीच लाकडी झडप बसवली.

त्याची बायको ताइमी कमरेवर हात ठेवून बघत होती. "थंडीसाठी घर बांधतोयस आणि वर भोक ठेवतोयस? शहाणाच आहेस!"

"कोरड्या थंडीत कोंबडी जगते गं. ओल मारते तिला. ती झडप लावायची नाही, सांगून ठेवतो."

जानेवारीत ओइवाला खुब्याच्या ऑपरेशनसाठी शहरात न्यावं लागलं. सात कोंबड्या ताइमीच्या हवाली झाल्या. तिच्या आईने पाळलेल्या कोंबड्यांच्या वंशातल्या त्या शेवटच्या. पारा उणे तीसवर गेला. जन्मभर सॉनात ऊब धरायला झडप लावत आलेली बाई ती! तिने माझीही झडप लावली आणि फटीत ओइवाचा लोकरी मोजा कोंबला. "आता राहा गं उबेत," म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. कोंबड्यांचा श्वास माझ्या भिंतींवर पाणी होऊन साचला. त्यांचे तुरे भिजले, मग गोठून काळे पडले.

चौथ्या दिवशी सकाळी ताइमीने दार उघडलं. आतून भपकन वाफ आली आणि तिचा चष्मा धुरकटला, अगदी सॉनात शिरल्यासारखा. ती मटकन पालथ्या बादलीवर बसली. "अगं बाई! मीच कोंडलं तुम्हाला." थोरली कोंबडी गार पडली होती. ताइमीने मोजा उपसून काढला, कोरडा पेंढा पसरला, बाकीच्यांच्या तुऱ्यांना चरबी चोळली. सहाही वाचल्या.

ओइवा कुबड्यांवर घरी आला, तेव्हा तिने रडत सगळं सांगितलं.

"माझा मोजा तरी वाळला का?" त्याने विचारलं. रडता रडता तिला हसू फुटलं.

ओइवाला जाऊन आता नऊ हिवाळे झाले. माझ्या फळ्या कुजल्या, दार कुरकुरतं, डागडुजी करायला कोणी नाही. फार थकवा आलाय. मित्रांनो, ज्याला जपायचं त्याला कोंडू नका, एवढंच माझं मागणं.

काल पहिलं बर्फ पडलं. ताइमी काठी टेकत कोंबड्यांना दाणे घालायला आली आणि तिने झडपेकडे हात नेला. मला धस्स झालं. पण तिने झडप सताड उघडली आणि खिळ्याला घट्ट बांधून टाकली, ओइवाच्या त्याच मोज्याने.