गार गाडीचं दुखणं

"आज पण नाही झाली चालू," हे म्हणाले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. फेकली नाही, ठेवली. पाना सापडला नाही म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस हा. महिनाभर रोज सकाळी गाडी दगा देतेय, तर किल्ली चहाच्या कपाशेजारी अलगद ठेवतो.

मी पाठ वळवून भांडी घासत राहिले. माझ्या स्वेटरच्या खिशात काड्यापेटीएवढी काळी डबी होती. रिले म्हणतात तिला. जुनी डिझेल गाडी गारठलेली असली की आधी आतले हीटर प्लग तापवावे लागतात, आणि त्यांना वीज सोडते ती ही डबी. ती काढली की गाडी नुसती खोकत बसते आणि मागून पांढरा धूर सोडते. हे मला कुणी शिकवलं? ह्यांनीच. जन्मभर डिझेलचे पंप दुरुस्त केले, गावभर पंपमास्तर म्हणून ओळखतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्याच गाडीखाली आडवं पडून मला एकेक भाग दाखवत होते आणि मी पाने हातात देत होते. ते शिक्षण असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तर गाडी मीच बंद पाडत होते. उजाडायच्या आत उठायचं, दुखरा गुडघा ओढत अंगणात जायचं, बॉनेट उचलून डबी काढायची. सकाळी एकदा चालू झाली नाही की हे दिवसभर तिच्या वाटेला जात नसत. दुपारी ते झोपले की मी डबी परत बसवायची, म्हणजे कुणी तपासायला आलं तर काही सापडायला नको. बॉनेटची बिजागरी कुरकुरायची, तिला शिवणयंत्राचं तेल घातलं. चोरी करायची तर नीट करावी.

दुसरं काय करणार होते मी? ह्यांना काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "शक्यतो गाडी चालवू नका." शक्यतो. सरळ "चालवू नका" म्हणायला त्यांच्या बापाचं काय जात होतं? घरी येईपर्यंत ह्यांनी तेवढा एकच शब्द लक्षात ठेवला होता. मुलगा लांब राहतो, फोनवर म्हणतो, "आई, तूच समजाव ना बाबांना. तुझं ऐकतात ते." माझं ऐकतात म्हणे. माझं ऐकून ह्या माणसाने आजवर एक खुर्ची इकडची तिकडे केलेली नाही.

फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हा म्हणाले, "खांब पुढे आलाय." मी डोक्याला हात लावला. मग एका सकाळी समोरच्या घरातली शाळकरी पोर सायकलवरून डाव्या बाजूने आली आणि ह्यांनी गाडी सरळ तिच्यासमोर काढली. तिने हँडल वळवलं म्हणून वाचली. खडीवर आपटली, गुडघा फुटला. गाडी तशीच पुढे निघून गेली. मी धावले, तिला उचललं, जखम धुतली, तिच्या आईला सांगितलं की घसरली. ह्यांना काहीच बोलले नाही. काय बोलणार होते, आज तुमच्या हातून एक पोर मेली असती? रात्रभर जिभेवर होतं. पहाटे बोलण्याऐवजी जाऊन बॉनेट उचललं.

एकदा जेवताना हे म्हणाले, "बॉनेट हल्ली कुरकुरत नाही."

मी ताटातली पोळी मोडत राहिले. "थंडीने असेल," मी म्हटलं.

"थंडीने लोखंड जास्त कुरकुरतं," ते म्हणाले आणि मीठ मागितलं.

दोन मेकॅनिक येऊन गेले. दोघेही भर दुपारी, ऊन अंगावर घेत. एकाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने डिझेलचा फिल्टर. डबी तेव्हा जागेवरच, त्यामुळे गाडी शहाण्यासारखी चालू झाली. हे बाजूला खुर्ची टाकून बसले आणि दोघांनाही एका शब्दाने टोकलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या कामात नाक न खुपसता हा माणूस पाच मिनिटं बसलाय, असं आजवर झालेलं नाही.

शेवटी ह्यांनी लंबूला बोलावलं. लंबू ह्यांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, केस पिकलेत, तरी ह्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. तो म्हणाला, "मास्तर, दुपारी बघून काय उपयोग? गार गाडीचं दुखणं गार असतानाच दिसतं. उद्या सकाळी येतो, तोवर कुणी हात लावू नका."

मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. डबी काढली तर लंबूला सापडणार. नाही काढली तर गाडी चालू होणार, परवापासून हे फाटकाबाहेर, आणि ती पोर शाळेला निघते तीच वेळ. मी काढली. चोर ठरले तर ठरले.

सकाळी लंबूने किल्ली फिरवली. जरा थांबला. परत फिरवली. इंजिन घरघरलं, पांढरा धूर कुंपणापर्यंत पसरला. तो खाली उतरला आणि बॉनेटला हात न लावता उभा राहिला.

"काय वाटतं?" ह्यांनी विचारलं.

"धूर पांढरा आहे, मास्तर. डिझेल पोचतंय, पेटत नाही."

"मग शोध," हे म्हणाले आणि शाल आणायला आत गेले.

लंबू हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आला. हळूच म्हणाला, "काकू, रिले द्या."

"कसला रिले?"

"तुमच्या खिशातला. सारखा हात जातोय तुमचा तिकडे."

मी डबी ओट्यावर आपटली. "जा, सांग तुझ्या मास्तरांना. म्हणावं, बायको चोर निघाली."

"सांगायचं काय? त्यांना ठाऊक आहे."

"काही ठाऊक नाही. दिसत नाही त्यांना."

"दिसायला कशाला हवं, काकू? किल्ली फिरवली की रिले टक् करतो. तो टक् आला नाही तर आधी तिथे बघायचं, हे मला त्यांनीच कान पिरगाळून शिकवलंय. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा पंप कुठे बिघडलाय ते घरात बसून सांगतात ते. महिनाभर स्वतःच्या गाडीतला टक् ऐकू येत नाही, हे त्यांना कळलं नसेल?" त्याने नळ बंद केला. "काल जाताना मला फाटकापाशी म्हणाले, सावकाश शोध. नाही सापडलं तरी चालेल."

बाहेर जाऊन त्याने ह्यांना सांगितलं, "नाही सापडत, मास्तर. थंडी सरली की बघू." हे म्हणाले, "बरं."

बरं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर मी अंधारात चोरासारखी चाचपडत होते आणि हे पांघरुणात डोळे मिटून माझी पावलं मोजत होते. झोप माझी गेली, गुडघा माझा सुजला, पकडली जाईन म्हणून काळीज माझं धडधडलं. आता मला जमत नाही, एवढं तोंडाने म्हणायला काय होत होतं? मी खोटारडी झाले आणि हे साळसूद राहिले. त्या दिवशी मी प्रत्येक भांडं आपटून ठेवलं. ह्यांनी एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून.

दुपारी डबी बसवली ती ठरवूनच. आता काढणार नाही. होऊ दे चालू. मग गाडी बाहेर काढतात की तोंड उघडतात, बघतेच. नाहीच उघडलं तर मी जाऊन बॉनेटवर बसेन. लोक हसले तर हसोत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले नाही. हे उठल्याचं कळलं, म्हातारपणी उठावं लागतंच म्हणून मी कूस बदलली. उजाडल्यावर मी शाल गुंडाळून फाटक अडवून उभी राहिले. समोर ती पोर सायकल बाहेर काढत होती.

हे गाडीत बसले. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, पांढरा धूर माझ्या पायांपर्यंत आला. परत फिरवली. परत तेच.

मी स्वतःच्या हाताने बसवलेली डबी. मी जाऊन बॉनेट उचललं. जागा रिकामी होती. काचेतून बघितलं तर हे समोर बघत बसलेले, आणि कोटाच्या वरच्या खिशाला चौकोनी फुगवटा.

पोर घंटी वाजवत गेली. बाजूचं दिसत नाही, म्हणून ह्यांनी मान पूर्ण वळवली आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तशीच ठेवली.

"तिचा गुडघा बरा झाला का गं?"

"मी कुठे सांगितलं होतं तुम्हाला?"

"आरशात दिसली होती," ते म्हणाले. "पडलेली. तू धावत आलीस ते पण. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही."

माझा राग होता तिथेच होता. तो काही इतक्यात जायचा नाही. पण बोलायचं म्हणून रात्रभर ठरवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

"बरा झाला," मी म्हटलं. "खूण राहिलीय."

त्यांनी मान हलवली. किल्ली काढली, दार उघडलं, आणि खाली पाय ठेवायच्या आधी हाताने जमीन किती लांब आहे ते चाचपलं.

"आज पण नाही झाली चालू," ते म्हणाले.

"नाही झाली," मी म्हटलं आणि बॉनेट लावलं.