व्हॅरिओची सुट्टी

मी बोलतोय असं म्हणायलाही मला संकोच वाटतो, कारण मला बोलता येतं ते दोनच गोष्टींबद्दल. वर आणि खाली. पॅराग्लायडरला लटकून माणूस उडतो, तेव्हा मी त्याच्या मांडीजवळ पट्ट्याला बांधलेला असतो. हवा त्याला उचलत असेल तर मी उत्साहाने टिकटिकतो. खाली नेत असेल तर एक लांब, रडका सूर लावतो. एवढ्या उंचीवर आपण चढतोय की उतरतोय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून माझी नेमणूक. मला व्हॅरिओ म्हणतात. आकाराने मी साबणाच्या डबीएवढा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने मला बंद बरणीत ठेवून आतली हवा कमी-जास्त केली, मी योग्य वेळी योग्य ओरडलो, तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला. एवढंच माझं शिक्षण. पुढे जे जे घडलं त्याला ते पुरलं नाही.

माझी पहिली मालकीण ताई. ती स्पर्धेत उडायची. तिचं नाव वेगळं होतं, पण तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून मीही. ताईच्या नवऱ्याला धाकटी भावोजी म्हणायची. तेही उडायचे, पण जुन्या, निवांत चालीच्या विंगवर, म्हणजे पॅराग्लायडरच्या कापडी पंखावर. ताई वर चढत जायची आणि भावोजी दर वेळी खालीखाली जात रस्त्याकडेच्या एखाद्या शेतात उतरून मोकळे व्हायचे. मग कोणाच्या तरी वाहनाने परत जाऊन आपली गाडी काढायची आणि ताई जिथे उतरेल तिथे तिला आणायला हजर. मैदानावर सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणायचे. ताईही गाडीत बसताना म्हणायची, "अरे, कधीतरी टिकत जा की वर." ते हसून गिअर टाकायचे. मलाही वाटायचं, या गृहस्थांना काही जमत नाही.

मग ताईच्या इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी तिच्या पिशवीच्या तळाशी तसाच पडून असायचो. एकदा बटण दाबलं गेलं आणि लिफ्टमध्ये मी टिकटिकायला लागलो, थेट सहाव्या मजल्यापर्यंत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ताई पोट धरून हसली. पुढे एका सकाळी पिशवी भावोजींच्या खांद्यावर होती आणि ते एकटेच खाली निघाले होते. मी शिकवल्याप्रमाणे खाली जाण्याचा सूर लावला. त्यांनी मला बंद केलं.

पुन्हा जाग आली तेव्हा हात धाकटीचे होते. वर्ष उलटून गेलं होतं.

धाकटी माझं ऐकायची. ताई मला अर्धवट ऐकायची आणि अर्धं स्वतःच्या मनाने उडायची. ही मात्र मी हूं म्हटलं की वळायची. त्या हंगामात ती पहिल्यांदाच स्पर्धेत उतरली होती. चार दिवस धावपळ झाली आणि पाचव्या दिवशी आयोजकांनी सुट्टी दिली. बाकीचे कपडे धुवायला बसले. धाकटीने भावोजींना फोन केला. वर्षभर त्यांनी विंग उघडली नव्हती. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक ती विकत घेऊन जाणार होतं, शब्द दिला गेला होता. तिने त्यांना सांगितलं, देऊन टाका, पण एकदा माझ्याबरोबर उडून मग द्या. ते आले. गाडी तिच्या मुक्कामाच्या आवारात लावली आणि दोघं आयोजकांच्या जीपमधून डोंगरावर गेले. बेत एवढाच होता, की वारा नेईल तिकडे जायचं, चहा प्यायचा आणि एसटीने परत यायचं.

माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. रोज माझ्या पडद्यावर कुठे वळायचं, कुठे पोहोचायचं याच्या खुणा असतात. त्या दिवशी पडदा कोरा. गरम हवेचा एक झकास झोत लागला, मी जीव तोडून टिकटिकलो, तर ही मधेच त्यातून बाहेर पडून एका तळ्यावर घिरट्या घालत बसली. तळ्यात काय होतं? बगळे. मी रडका सूर लावला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन टेकड्या ओलांडल्यावर तिने मागे वळून पाहिलं. भावोजी बरेच खाली होते आणि आणखी खाली चालले होते. त्यांच्या खाली रस्ता होता, रस्त्याला लागून एक मोकळं शेत. त्यांनी विंग त्या शेताकडे वळवली होती.

धाकटी त्या वेळी उत्तम झोतात होती. स्पर्धेत अशा वेळी कोणी कोणासाठी थांबत नाही. तिने झोत सोडला. विंगचे कान दुमडले, म्हणजे दोन्ही टोकं ओढून आत घेतली, आणि दगडासारखी खाली निघाली. मी किंचाळलो. इतकी उंची कोणी फुकट घालवतं का? ती जात राहिली. शेवटी तिने माझा आवाजच बंद केला. मला तोंड असून नसल्यासारखं झालं.

शेताच्या जेमतेम वर, भावोजींच्या शेजारी, तिला एक बारीकसा झोत सापडला. ती त्यात गोल फिरू लागली, त्यांना दिसावं म्हणून. ते वळले नाहीत. पाय सोडून उतरायच्या तयारीतच होते. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"भावोजी, का उतरताय?"

 खरखरीतून ते म्हणाले, "अगं, रस्ता आहे ना इथे."

"आज गाडी आवारातच आहे. आज कोणाला आणायला जायचं नाहीये."

 त्यांची विंग वळली. धाकटीच्या मागोमाग त्यांनी एक चक्कर घेतली, मग दुसरी. झोत इतका अशक्त होता, की मीसुद्धा त्याला चढ म्हटलं नसतं. भावोजींनी त्याची कड शोधली, मधला भाग शोधला आणि बघता बघता धाकटीच्या वर गेले. मुकाट बसून मी आमच्या चढाचे आकडे मोजत होतो, आणि भावोजी आमच्याहून वेगाने चढत होते. जमत नसलेल्या माणसाचं ते काम नव्हतं.

दोघं एका बाजारगावाबाहेरच्या शेतात उतरले. परतीच्या एसटीत विंगांची बोचकी मांडीवर घेऊन धाकटी म्हणाली, "ताईला वाटायचं तुम्हाला टिकता येत नाही."

"वाटायचं खरं."

"आणि तुम्ही वाटू दिलंत."

"गाडी कोणीतरी आणायला हवी होती ना."

 इतक्यात भावोजींचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, उद्या कधी येऊ म्हणून विचारत होतं. भावोजींनी बोचक्यावर हात ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की विंग ओली झालीय, नीट वाळल्याशिवाय देता यायची नाही.

आम्ही उतरलो ते शेत कोरडं ठाक होतं. धुरळा अजून माझ्या बटणांत आहे.

स्पर्धा संपली तशी धाकटीने नवीन व्हॅरिओ घेतला आणि मला भावोजींकडे दिलं. आता दर रविवारी सकाळी तो फोन येतो. भावोजी सांगतात, अजून वाळली नाही हो, हवाच अशी आहे. मग गाडी घरीच ठेवून आम्ही डोंगराकडे निघतो.

त्या सुट्टीत नक्की काय झालं ते मला अजून उलगडलेलं नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला कदाचित कळेल. फक्त एक विनंती आहे. ते गिऱ्हाईक तुम्हाला कुठे भेटलं, तर शेताचं काही बोलू नका.